कोरा टॅब

"कोबीचं पाणी काढायला त्याला दहा मिनिटं लागतात," त्सोन्का म्हणाली. "त्यातली दोन गेली. बस पटकन."

रालित्साने अंगातला कोटही काढला नाही. आईचा फोन आला तशी ती दुकान मैत्रिणीवर टाकून धावत आली होती. वडील मेतोदी खाली तळघरात होते. हिवाळ्यासाठी मिठाच्या पाण्यात मुरवायच्या कोबीचं पिंप भरलं की दिवसाआड त्यातलं खारं पाणी खालच्या नळाने काढायचं आणि वरून पुन्हा ओतायचं, हे मेतोदीचं हक्काचं काम. ते झालं की वर यायचं आणि संगणकावर डॅन्यूब नदीचं पाणी किती चढलं ते बघायचं. यात खंड नाही.

"आता बघ." त्सोन्काने नवा टॅब उघडला.

पडद्यावर आठ चौकटी उमटल्या. नदीची चौकट दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिल्या चौकटीखाली लिहिलं होतं, 'स्वादुपिंडाचा कर्करोग: किती काळ?'

यंत्राला कुठली लाजलज्जा! घरात जे जास्त बघितलं जातं ते खुशाल पुढे मांडून ठेवायचं.

"आई, किती वेळा बघितलंस हे?"

"दोनदा. फार तर तीनदा. काल मी ती चौकट पुसली, आज मेली परत हजर. आणि देवाशपथ सांगते, त्यानंतर मी त्या पानाकडे फिरकलेसुद्धा नाही!"

रालित्साचा विश्वास बसला नाही. डॉक्टरांनी दोघी मायलेकींना बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. वडिलांना आत जाऊन म्हणाले होते, थोडी सूज आहे, राकिया पिणं सोडा. असंच करतात सगळे. त्या दिवसापासून आई रात्रंदिवस एकच विचार करत होती, हे तिला ठाऊक होतं.

"चौकट पुसून भागणार नाही," ती म्हणाली. "नवा टॅब उघडला की काहीच दिसायला नको, असं करावं लागेल."

"मग कर ना! मी जिन्यात जाऊन त्याला अडवते. पाण्याची चव बघू दे म्हणेन."

आई सपाता फटफटवत गेली. रालित्सा सेटिंग्जमध्ये शिरली. रंग बदला, अक्षरं मोठी करा, भाषा निवडा. हवं ते सोडून सगळं होतं. माउस सारखा निसटत होता. बाबांना कळलं तर त्यांचं जेवण सुटेल, झोप उडेल, आणि तेही आपल्यामुळे, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. एकदा चुकून तिने नवाच टॅब उघडला आणि आठही चौकटी पुन्हा समोर आल्या.

मागे लिफ्टचं दार वाजलं. खाऱ्या कोबीचा वास आला.

मेतोदी तिच्या खुर्चीमागे उभा होता, हातात पाण्याची बरणी. तो पडद्याकडेच बघत होता. रालित्साला पडद्यावर हात ठेवावासा वाटला, पण उशीर झाला होता.

"आई कुठाय?" त्याने विचारलं.

"जिन्यात. तुम्हाला बघायला गेलीय."

त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि आवाज खाली आणला. "हे बंद करता येतं का गं? चार दिवस झटतोय मी. पुसावं तर परत उगवतं."

"बाबा…"

"रिपोर्टावरचा लॅटिन शब्द उतरवून घेतला होता. रोज वाचतो. काय करणार, राहवत नाही." तो वाकला. "डॉक्टर तुम्हाला सूजच म्हणाला ना?"

रालित्साने सेटिंग्ज पुन्हा उघडली. "हो."

"मग सूजच राहू दे. तुझ्या आईला कळता कामा नये. कोलमडेल ती. कर लवकर, पावलं वाजतायत तिची."

'कोरं पान' असं शेवटच्या ओळीत लिहिलेलं तिला दिसलं. तिने ते निवडलं.

त्सोन्का धापा टाकत आत आली. नवऱ्याला खुर्चीमागे उभा बघून ती दारातच थबकली.

"लिफ्टने आलास होय! काय चाललंय दोघांचं?"

"काही नाही," मेतोदी म्हणाला. "पोरगी मशीन साफ करतेय."

"झालं का?" त्सोन्काने विचारलं. तिचा आवाज चिरकला.

"झालं."

"दाखव बघू."

ती येऊन खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. रालित्साने नवा टॅब उघडला. पडदा पांढरा झाला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"छान," मेतोदी म्हणाला.

"हेच बरं," त्सोन्का म्हणाली.

दोघांनी सुटकेचा श्वास टाकला. वडिलांनी तिचा उजवा खांदा हळूच दाबला, आईला दिसणार नाही असा. त्याच क्षणी आईने डावा दाबला.