शाळाबाह्य

शाळा सोडलेली मुलं मोजायला सरकारी शाळेतल्या सातवीच्या बाईंना दोन महिने दारोदार पाठवलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या आईने दारातूनच सांगितलं, "आम्हाला नाही हो काळजी! शाळेत कुणी शिकवो न शिकवो, आमच्या दोघांना शिकवण्या आहेत."

तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या मावशींची मुलगी काजं-बटणं करत बसली होती. बाईंनी तिला लगेच ओळखलं. "अगं, तू तर माझ्याच वर्गातली! शाळेत का जात नाहीस?"

"जात होते, बाई. पण तुम्ही इकडे फिरताय, मग वर्गाला शिकवायला कुणीच नाही. आई म्हणाली, नुसतं बसायचंच तर घरी बस, हातून काम तरी होईल."

बाईंनी फॉर्मवर छापलेली कारणं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली.



मग 'मुलीला शिक्षणाची आवड नाही' यासमोर खूण केली.