यांची हाक

थापा मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण त्या दुपारी थापच अंगाशी आली. जंगलातल्या मनोऱ्यावर आम्ही आजी-नात दोघीच होतो. आमचे हे पाणी आणायला खाली गाडीकडे गेलेले. नात कंटाळली, म्हणून मी सांगितलं, "इथलं एक जनावर माणसाच्या आवाजात हाक मारतं बरं!" "आजी, काहीही काय फेकतेस!" तेवढ्यात खालून यांच्या आवाजात हाक आली, माझ्या नावाने. नात जिन्याच्या दाराची कडी काढायला धावली. मी तिचं मनगट पकडलं. "थांब, ते आजोबा नव्हेत." "परत थाप?" "अगं, एवढ्या संसारात त्यांनी नावाने हाक मारलीय कधी?" "खरंच की!" नात मोठ्याने म्हणाली. "ते तर 'ऐकलंस का गं' म्हणतात." खाली चिडीचूप झालं. मग जिना करकरला आणि दारापलीकडून लाडिक आवाज आला, "ऐकलंस का गं?"