कुणाच्या हातचा पाणघोडा

“काढा ना. इथेच, माझ्यासमोर,” नवे संपादक म्हणाले आणि त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने पेन्सिल उचलली. नाही, आधी चष्मा पुसला. मग पेन्सिल उचलली. ती बोथट निघाली, म्हणून टोक करत बसली. टोक करायला माणूस किती वेळ लावू शकतो यालाही मर्यादा असते.

प्रकाशनाचे जुने संपादक निवृत्त झाले होते आणि या नव्यांच्या कानावर काहीबाही आलं होतं. करारात तर स्वच्छ लिहिलं होतं की मुलांच्या पुस्तकांतल्या टपाल वाटणाऱ्या पाणघोड्याची चित्रं ती स्वतःच्या हाताने काढील. आणखी आठ पुस्तकं आज ठरायची होती. ते काम गेलं तर तिच्या स्टुडिओला महिनाअखेर कुलूप. काचेपलीकडे माना खाली घालून बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं.

तिने चार वर्षांत एक रेघ ओढली नव्हती.

कागद पहिला.

पाणघोडा बटाट्यासारखा आला. ऑफिस सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ घाईघाईने म्हणाला की ताईचं मनगट आठवडाभर धरलंय. संपादक म्हणाले, काही हरकत नाही, मला आज दुसरं काम नाही.

कागद दुसरा.

तो कसा आला ते राहू द्या, सल्लागाराचं सांगायला हवं. कंपनी काढली त्या वर्षी ती नवउद्योजकांच्या वर्गाला जायची. तिथल्या सल्लागाराने तिला तिच्या ऑफिसचा नकाशा काढायला लावला आणि त्यातली तिची खुर्ची खोडरबराने पुसून टाकली. आता काय काय थांबलं, त्याने विचारलं. सगळंच थांबलं होतं. तो म्हणाला, तुम्हाला ताप आला की कंपनी फणफणते; ही कंपनी नाही, हे तुमचं दुखणं आहे. तुमच्यावाचून चालेल असं करा.

तिने ते इतकं मनावर घेतलं की पाणघोड्याच्या नियमांची वहीच केली. सुरुवात डोळ्यापासून. दोन डोळ्यांत एका नाकपुडीचं अंतर. पिशवी डाव्या खांद्यावर. मग शाळेच्या पुस्तकांसाठी बेडकाच्या आकृत्या काढणाऱ्या एका काकूंना कामावर घेतलं, कारण त्या दिलेलं जसंच्या तसं उतरवायच्या. फार सावकाश काढायच्या, म्हणून माघारी सगळे त्यांना कासव म्हणत. ती स्वतः गिऱ्हाइकांच्या मागे लागली, भाड्याच्या, बंद पडणाऱ्या लिफ्टच्या, रुसलेल्या माणसांच्या. कंपनी तिच्यावाचून झकास चालली. पुस्तकांवर नाव मात्र तिचंच राहिलं.

कागद चौथा. (तिसरा तिने चुरगाळला. तो धरायचा नाही.)

आता ती वहीतला एकेक नियम आठवत होती. डोळा. अंतर. पिशवी. तळहाताच्या घामाने कागद बोटांना चिकटत होता. शेवटी सगळं जिथल्या तिथे आलं. संपादकांनी तो कागद उचलला, शेजारी शेवटचं छापील पुस्तक उघडलं आणि बराच वेळ इकडून तिकडे पाहत राहिले.

“हे ज्याने काढलंय त्याला पाणघोडा पाठ आहे,” ते म्हणाले. “ओळखीचा नाही.”

टेबलाखाली भावाने तिचा पाय दाबला. म्हणजे, डोकं दुखतंय म्हण, उद्या बघू म्हण, काहीही म्हण. ती म्हणणारही होती. शब्द अगदी ओठांवर होते. पण तीसुद्धा ती दोन चित्रं पहिल्यांदाच शेजारी शेजारी पाहत होती. छापील पाणघोडा दमला होता. पाय जरा फाकवून, उशिरा पोचलेल्या माणसासारखा ओशाळून उभा होता. हे वहीत नव्हतं. हे तिने कुणालाही शिकवलं नव्हतं. गेली तीन पुस्तकं तिने फक्त पानं मोजून छापायला धाडली होती.

ती उठली. दार उघडून तिने काकूंना हाक मारली.

काकू हात पुसत आल्या, काही चुकलं का विचारत. काढायला सांगितल्यावर खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि त्यांनी पाणघोड्याच्या पायांपासून सुरुवात केली. न राहवून ती पुटपुटली, डोळ्यापासून ना, काकू? काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या.

“आधी उभा कसा आहे ते कळायला नको का? दमलाय तो. मग डोळे आपसूक येतात.”

वीसेक मिनिटं काकूंची पेन्सिल सावकाश चालत राहिली. भावाने डोळे मिटून घेतले होते. पाणघोडा कागदावर येऊन उभा राहिला तेव्हा संपादक त्या दिवसात पहिल्यांदा हसले. मग हसू आवरून त्यांनी तीन पुस्तकांवर खोटं नाव गेल्याबद्दल लेखी खुलासा मागितला, करार उघडला आणि चित्रकार म्हणून असलेलं तिचं नाव खोडलं. काकूंना त्यांचं पूर्ण नाव विचारून ते वर लिहिलं. काकू, नको हो, नको, म्हणत राहिल्या.

“आणि तुम्ही?” संपादकांनी पेन तसंच धरून विचारलं. “तुम्हाला काय म्हणून लिहू?”

दारावरच्या पाटीवर तिचं नाव होतं, भिंतीवरच्या प्रत्येक बक्षिसावर होतं. भाऊ तिच्याकडे पाहत होता. काचेपलीकडे सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या.

“लिहा,” ती काकूंकडे हात करून म्हणाली, “यांची कंपनी चालवते.”