पालथी पुंगळी

सत्त्याण्णव साल. शारजातल्या व्हिलाच्या मागच्या खोलीत अरबाबांनी, म्हणजे घरच्या अरब मालकांनी, काडतुसं भरायचं टेबल मांडलं, परवाना भिंतीला लावला आणि मृणालिनीला म्हणाले, "जुम्मे को शूटिंग का मॅच. तुम्हारा भरा हुआ पचास काडतूस अच्छा चला, तो तुम और बच्ची का व्हिजा पक्का. खलास!"

"नाहीतर महिनाअखेरीला दोघी खडकीला परत," अरबाबांचा ड्रायव्हर असलेला तिचा नवरा, निनाद, हळूच म्हणाला.

तिच्या दिवंगत बाबांचा जन्म खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेला होता. ते म्हणायचे, "पोरी, काडतुसाची रिकामी पुंगळी पालथी, दारू भरलेली उताणी. डोळा चुकला तरी हात चुकता कामा नये."

वाऱ्यानं तराजू हलू नये म्हणून तिनं एसी बंद केला. पन्नासावी पुंगळी उताणी ठेवली, तोच पलीकडे ईशानी रडली. खोलीला कुलूप लावून, किल्ली ओढणीला बांधून ती गेली. लेकीला पाजलं, थोपटलं, निजवलं.

परत येऊन कुलूप काढलं, तर तिसऱ्या ओळीतली एक पुंगळी पालथी होती.

तिनं टेबलावरून बोट फिरवलं. दारूचा कण सांडला नव्हता. तिनं पुंगळी उचलून आत पाहिलं. रिकामी! ही दारूशिवाय तशीच गेली असती, तर गोळी नळीतच अडकली असती आणि पुढच्या बाराला अरबाबांचा हात...

पितळ कोमट होतं, आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखं.

तिनं ती नीट भरली, उताणी ठेवली. आता पन्नास खरोखर पन्नास होत्या. मग बाकावर जरा सरकून तिनं शेजारी जागा केली.

बाक दुसऱ्या टोकाला करकरलं.