कोऱ्या डब्या

जर्दाळूच्या कुकी हेलन मावशीच्या फ्रीजरमध्ये. अक्रोडाचे रोल चर्चच्या फ्रीजरमध्ये, कारण हेलन मावशीच्या फ्रीजरमधलं हिवाळ्यातल्या शिकारीचं हरणाचं मांस अजून संपलेलं नव्हतं.

कपड्यांना लावायचे लाकडी चिमटे, पातेलंभर. त्यांच्यावर पिठाच्या पट्ट्या गुंडाळून भाजायच्या, मग चिमटा ओढून काढून पोकळीत क्रीम भरायचं. धुवायचे राहिलेले.

चर्चचा हॉल सकाळपासून घेतलेला. लग्न संध्याकाळचं.

नवा शिक्का: डॅनिका आणि वेस्ली. सोबत सोनेरी शाईची बाटली, बूच न उघडलेलं.

"केक आहे ना? मग एवढ्या कुकी कशाला?" हे वेस्ली म्हणाला होता. नाताळात. सगळ्या मावश्यांसमोर.

आयरीनने कागदी डबीची आणखी एक घडी चमच्याच्या पाठीने दाबली. अंगठ्याला चीर पडली होती, म्हणून ती आता तर्जनीने दाबत होती. चार कोपरे, चार कप्पे, एक झाकण. टेबलाच्या पलीकडे तिची सासू युस्टिना नखं कापायच्या कात्रीने झाकणांवर फुलं कापत होती. नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. कोपऱ्यात यंत्र घरघरत होतं. रविवारची दुपार होती आणि लग्न शनिवारी होतं.

आयरीन महिनाभर दिवसा ओव्हनपाशी आणि रात्री सासूपाशी होती. हॉल सकाळपासून कशाला, असं तिने एकदा विचारलं होतं. टेबलं मांडायला वेळ लागतो, असं सासूने सांगितलं होतं. पुढे विचारायला तिच्यात त्राण नव्हतं.

आयरीनची मुलगी डॅनिका आली ती शिक्का हातात घेऊनच. आज तिसऱ्यांदा. इथे नवरीचा पोशाख कोणाच्या लक्षात राहत नाही. लग्नाहून निघताना पाहुण्यांनी कुकी भरून नेलेली डबी मात्र वर्षभर स्वयंपाकघरात राहते, बटणं नाहीतर सुया ठेवायला. तिच्यावर आपल्या दोघांची नावं असावीत, एवढंच तिला हवं होतं. आजी मात्र एकाही डबीला शाई लागू देत नव्हती. आजीने वेस्लीचं नाव कधी घेतलेलंही घरात कोणी ऐकलं नव्हतं. तो तिच्यासाठी ॲरिझोनावाला होता.

"आजी, सरळ सांग ना," डॅनिका म्हणाली. "तुला तो नकोय."

"ॲरिझोनावाला बरा आहे. खातो कमी."

मग डॅनिका शांतपणे म्हणाली की त्याचं नाव नसेल तर डब्याही नकोत, आणि कुकींचं टेबलही नको. केक पुरे.

आयरीनच्या डोळ्यांपुढे साऱ्या मावश्यांची तोंडं आली. आणि त्याच क्षणी तिला लाज वाटेल इतकं बरं वाटलं. टेबलच नसेल तर आजपासून झोपता येईल.

आजीने कात्री खाली ठेवली.

"शिक्का मारला की डबी एका दिवसाची होते," ती म्हणाली. मध्ये श्वास घ्यायला थांबली. "कोरी राहिली तर तुझ्या लग्नाला चालेल, नाहीतर माझ्या मयताच्या जेवणाला. तुझ्या आईने काय परत भाजत बसायचं?"

यंत्र घरघरत राहिलं. आयरीनने घडी दाबायचं थांबवलं. सासूने आपला थकवा कधी पाहिला असेल, असं तिला इतक्या वर्षांत वाटलं नव्हतं.

डॅनिकाने शिक्का पिशवीत टाकला. खुर्ची ओढली, एक कागद घेतला आणि घडी घातली. आजीने ती डबी हातात फिरवून पाहिली, उलगडली आणि परत दिली. इतकी वाकडी तर मेलेल्यालाही चालायची नाही, म्हणाली.

आजी बुधवारी गेली.

लग्न पुढे ढकलायचं का, असा विषय हेलन मावशीने काढला. आयरीनने तिला आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीला लावून रचलेल्या, दोन्हींना पुरतील एवढ्या कोऱ्या डब्या दाखवल्या. पुन्हा तो विषय निघाला नाही.

शनिवारी दुपारी सगळे दफनभूमीतून हॉलमध्ये आले. काळे कोट, हॅम, बटाटे, आणि भिंतीलगत कुकींचं लांब टेबल. टेबलामागे वेस्ली उभा होता. तो डब्या भरत होता, फीत बांधत होता, चिमट्यांवरच्या क्रीमच्या कुकी चुरडू नयेत म्हणून वर ठेवत होता. आता कळलं ना कुकी कशाला, असं हेलन मावशीने त्याला विचारलं. तो हो म्हणाला, आणि संध्याकाळसाठी काही बाजूला काढू का, असं विचारलं. संध्याकाळच्या अजून गाडीतच आहेत रे बाबा, ती म्हणाली.

मग टेबलक्लॉथ बदलले. तीच माणसं रंगीत कपड्यांत परत आली. काहींचे डोळे अजून सुजलेले होते. बँड सुरू झाला. जातानाही त्यांनी तशाच पांढऱ्या डब्या नेल्या, झाकणावर तीच कापलेली फुलं. कित्येकांच्या गाडीत दुपारची डबी होती. त्यांनी दुसरी तिच्यावर ठेवली. आयरीन बूट काढून खुर्चीवर बसली होती. नाचायला चल, असं तिला कोणी म्हटलं नाही.

मार्चमध्ये हॉल घेताना आजीने फादरना सांगितलं होतं: सकाळ माझी, संध्याकाळ डॅनिकाची आणि वेस्लीची.