गळ्यातलं बटण

एकटे राहणारे बाबा घरात पडून गेले, ते चौथ्या दिवशी कळलं. “गळ्यात मदतीचं बटण होतं, पण दाबतील तर ते बाबा कसले,” दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला. बटण त्यानेच बसवलेलं. शंभर सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या ते डाव्या हातचा मळ.

घर आवरताना त्याने बटणाला जोडलेल्या छोट्या लिनक्स संगणकाची, त्या मशीनची, सेटिंगची फाइल उघडली. बटण दाबल्यावर निरोप कुणाला पाठवायचा, त्या ओळीत त्याचा पत्ता नव्हताच. मुळात आलेली डीफॉल्ट ओळ बदलायची राहून गेली होती. मशीन निरोप स्वतःलाच पाठवत होतं. त्याने मशीनची मेलपेटी उघडली. एकेचाळीस निरोप. पहिला सोमवारचा, शेवटचा बुधवारचा.

“काही सापडलं का रे?” बहिणीने दारातून विचारलं.

“नाही गं,” पेटी रिकामी करत तो म्हणाला. “दाबलंच नव्हतं त्यांनी.”