सातव्या आलेखातला ‘ल’

‘लिटर’मधला ल वेगळा होता. सोळापैकी पंधरा आलेखांत तो मराठी वळणाचा, मजकुरातल्यासारखाच. सातव्यात मात्र हिंदी वळणाचा, दांडीचा. उम्मेहानी स्क्रीनकडे झुकली. आंबी गावाकडच्या विहिरींच्या पाण्याचा अहवाल एक वाजता पंचायत समितीला जायचा होता, आणि बारा वीस होऊन गेले होते.

आलेख काढणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. तक्त्यातून आकडे घ्यायचे, आलेख काढायचा आणि त्यावरची अक्षरं मजकुराच्याच फॉन्टात बसवायची. फॉन्ट सापडला नसेल म्हणून तिने प्रोग्राम पुन्हा चालवला. ल तसाच. तिसऱ्यांदा चालवताना तिच्या लक्षात आलं, हा आलेख प्रोग्रामने काढलेलाच नाही. दुसरीकडे काढलेलं चित्र कुणीतरी तिथे आणून लावलंय.

तिने तक्ता उघडला. भिमाजी आबांची विहीर, नायट्रेट एकशे अठरा. मर्यादा पंचेचाळीस. खाली टीप होती : तान्ह्या बाळांना घातक. चित्रात मात्र आकडा होता अडतीस.

“सर, सातवा आलेख कुणी बदलला?”

प्रयोगशाळा राजेंद्र सरांची. सहा वर्षांत त्यांनी एक आकडा इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. आता त्यांनी मानही वर केली नाही.

“मी बदललाय. राहू दे तसाच.”

सरांच्या समोरच्या खुर्चीत बसलेला म्हातारा पुढे सरकला. तेव्हा तिला कळलं, सकाळपासून गप्प बसलेले हेच भिमाजी आबा.

“पोरी, ती हीर माज्या बापानं सोत्ता खांदली. कागदावर आली की शील करत्याल. आमच्या घरात त्या पान्याला कोन तोंड लावत न्हाई. आमी जार आनतो. मग कुनाचं काय वाईट व्हनार, सांग?”

त्यांनी हात जोडले. उम्मेहानीला बघवेना. ज्या पाण्याला कुणी तोंडच लावत नाही, त्याचा एक आकडा. तिने कीबोर्डवरचा हात काढून घेतला. बारा चाळीस झाले.

मग तिला नमुना घेतला तो दिवस आठवला.

“आबा, मी आले होते तेव्हा विहिरीवरची मोटर चालू होती. शेतात तर काही नव्हतं. पाणी कुठं जात होतं?”

“मागल्या खोल्यांना,” आबा सहज म्हणाले. “कंपनीतली बिऱ्हाडं ऱ्हात्यात भाड्यानं. धा-बारा हायेत.”

राजेंद्र सरांनी आता मान वर केली. “हे तुम्ही मला बोलला नाहीत.”

“तुमी कुटं इचारलं?”

“लहान मुलं आहेत तिथं?”

“हायेत की. दोघी तर आत्ता बाळंत झाल्यात.”

सर उठले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“उम्मेहानी, खरा आलेख लाव आणि अहवाल पाठवून दे,” ते म्हणाले. मग गाडीची किल्ली घेऊन आबांसाठी दार उघडून उभे राहिले. “चला आबा. त्या पोरींना आपण दोघांनी जाऊन सांगायचंय.”